दोन बोटं खाली

१

लग्न ठरताना तिला एवढंच सांगितलं होतं, की मुलाकडे गाड्यांचा धंदा आहे. ते काही खोटं नव्हतं. त्या गाड्या पोलिसांच्या आहेत आणि त्यांतल्या एकीचंही मागचं दार आतून उघडत नाही, हे सांगायचं राहून गेलं, इतकंच.

सासरे लिलावातून पोलिसांच्या निवृत्त गाड्या उचलायचे. विकताना खात्याने पट्टे खरवडलेले असायचे, दिवा उतरवलेला, भोंगा काढून घेतलेला. खोगीर उतरवून घोडं बाजारात उभं करावं, तशी गाडी यायची. सासरे तिला पुन्हा होती तशी करायचे. पट्टे रंगवायचे, टपावर दिवा चढवायचे, भोंगा जोडायचे, पुढच्या आणि मागच्या सीटमधली लोखंडी जाळी घासूनपुसून परत बसवायचे. मग कुणीतरी हौशी माणूस येऊन ती घेऊन जायचा. हौसेला मोल नसतं. कुणी तिकिटं जमवतं, कुणी काड्यापेट्या. ज्यांची घरं मोठी असतात ते पोलिसांच्या गाड्या जमवतात.

सासऱ्यांना सगळी गल्ली फौजदार म्हणायची. पोलिसांत ते एक दिवसही नव्हते. तरुणपणी भरतीला उभे राहिले होते, तेव्हा छाती दोन बोटं कमी भरली. "तेव्हापासून जी फुगवून ठेवलीय, ती खाली यायचं नाव नाही," असं सासूबाई त्यांच्यासमोरच म्हणायच्या, आणि सासरे ते कौतुकच समजून घ्यायचे.

तिच्या माहेरी तसबिरींना चौकटी करून द्यायचं दुकान होतं. त्यामुळे कलती वस्तू तिच्या डोळ्यात कुसळासारखी खुपायची. सासरच्या बैठकीत सात तसबिरी होत्या आणि सातही सात दिशांना झुकलेल्या. पहिल्या आठवड्यात तिने दोन सरळ केल्या. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, आम्हाला सवय आहे," आणि जाता जाता बोटाने एक पुन्हा कलती केली. ती एकूणच कमी बोलायची. घरात सगळ्यांना वाटायचं, मुलगी शांत आहे. शांत माणूस मोजमाप करत असतो, हे मोठ्याने बोलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

तिच्या आणि नवऱ्याच्या खोलीला आतून कडी नव्हती. म्हणजे होती, ती कधीतरी निखळली. नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "रविवारी बसवतो." त्यानंतर सात रविवार येऊन गेले. सासूबाई धुतलेले कपडे घेऊन थेट आत यायच्या. "दार उघडंच होतं," असं म्हणायच्या, आणि ते खरंच असायचं.

तिचे हात बारीक, म्हणून गाड्यांच्या आतली सफाई तिच्याकडे आली. सीटच्या फटी, जाळीची भोकं, काचांचे कोपरे. शेडमध्ये एकच नियम होता. मागच्या सीटवर काम करायचं तर दारात लाकडी पाचर घालायची, कारण दार लागलं की आतला माणूस आतच.

"अडकलीस तर जामीन द्यायला मी येणार नाही," नवरा पहिल्या दिवशी म्हणाला होता.

शेडमध्ये सकाळपासून रेडिओ चालू असायचा. बातम्या, गाणी, शेतीविषयक सल्ला, काहीही. वीज गेली की सासरे शिट्टी वाजवायला लागायचे. आधी तिला वाटलं, माणूस रसिक आहे.

२

ती गाडी आली तेव्हा लग्नाला दोन महिने होत आले होते. पांढरी, चौकोनी तोंडाची, निळ्या पट्ट्याच्या खुणा अजून अंगावर असलेली. दातांच्या एका डॉक्टरांनी फोटो बघूनच ती पसंत केली होती. त्यांनी घराशेजारी गाड्यांसाठी काचेचं दालन बांधलं होतं, आत हवा कोरडी ठेवायचं यंत्र होतं. गाडी एकदा आत गेली, दारं लागली, की पुन्हा उघडायची नाहीत. "उघडलं की जुनं होतं," असं डॉक्टर फोनवर म्हणाले होते, आणि सासरे ते वाक्य दिवसभर घोळवत होते.

तिने डावीकडचं मागचं दार उघडलं आणि पाचर घालायला वाकली, तर दाराच्या आतल्या अंगाला हँडल.

घरातल्या जुन्या कपाटाला असतं तसं पितळी हँडल. दोन वेगवेगळ्या जातींच्या स्क्रूंनी बसवलेलं. धरायच्या जागी सुती पट्टी गुंडाळलेली, हातांनी मळून काळी चकचकीत झालेली.

"अप्पा, हिला आतून हँडल आहे."

सासरे आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "हा काय चावटपणा? पोलिसांच्या गाडीचं मागचं दार आतून उघडायला लागलं तर ती पोलिसांची गाडी कसली? टॅक्सी झाली."

"पण आली तशी ठेवायची असते ना? तुम्हीच म्हणता."

"कारखान्यातून आली तशी. मध्येच कुणाच्या डोक्यातून आली तशी नाही."

"आधी कधी पाहिलं होतं असं?"

"छे. आजच बघतोय." आणि पाठ फिरवून त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला.

संध्याकाळच्या आत हँडल निघालं. भोकं बुजवली, वरून नवं काळं रेक्झिन ताणून बसवलं. हँडल गेलं त्यांच्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात. डब्यात पडताना त्याचा आवाज झाला, धातूवर धातू आपटल्याचा. रिकाम्या डब्यात पडल्यासारखा नव्हता तो आवाज. हे तिने ऐकलं आणि विसरून गेली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडच्या दारातच थांबली. गाडी कलली होती.

फार नाही. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. तिने मागच्या चाकावर, टायर आणि पत्र्याच्या कडेमधल्या फटीत बोटं घालून पाहिली. उजवीकडे चार बोटं आरामात गेली. डावीकडे दोनच.

काल चारही बाजू सारख्या होत्या. काल तिने बघितलं होतं, कारण ती प्रत्येक गाडीकडे येताक्षणी तसंच बघायची. ते तिच्या हातात नव्हतं.

"हवा कमी असेल," नवरा म्हणाला. हवा बरोबर होती. "मग स्प्रिंग बसली असेल." त्याने दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा नव्या घातल्या, घामाघूम झाला, हात पुसत म्हणाला, "घे. आता तुझ्या बाबांच्या चौकटीत बसेल इतकी सरळ आहे."

खरंच सरळ होती. तो दार लावून हात धुवायला गेला. ती उभी राहिली. रेडिओवर कुणीतरी कांद्यावरच्या रोगाबद्दल बोलत होतं. गाडी हलली नाही, आवाज झाला नाही. फक्त डावी मागची बाजू, माणूस खाटेवर बसताना खाट बसते तशी, हळूच खाली गेली आणि थांबली.

दोन बोटं.

४

ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या घरातली नव्हती. वडील म्हणायचे, तसबीर आपोआप कलत नाही. एक तर खिळा वाकडा असतो, नाहीतर भिंत. म्हणून तिने आधी भिंतीचा विचार केला. फरशीला उतार असेल. नवऱ्याला सांगून गाडी दुसऱ्या जागी लावून घेतली, तोंड उलट करून. उतार असता तर आता उजवी बाजू खाली जायला हवी होती. डावीच गेली.

मग तिने खिळ्याचा विचार केला, म्हणजे स्वतःचा. नवं घर, नवी माणसं, दुपारची झोप नाही. दिवसभर आपण काहीतरी चुकतोय असंच वाटत असतं. मग गाडीही चुकलेली वाटायला काय लागतं?

पण रेक्झिनचं काय करायचं?

रोज संध्याकाळी ती दारांचं नवं रेक्झिन पॉलिश लावून चमकवायची. रोज सकाळी तीन दारं तशीच चमकत असायची आणि डाव्या मागच्या दारावर, जिथे हँडल होतं तिथे, तळहाताएवढा डाग मंद झालेला असायचा. आधी तळहाताएवढा, मग ताटलीएवढा. अंधारात काड्यापेटी शोधताना हात फिरतो ना, आधी नेहमीच्या जागी आणि मग आजूबाजूला, तसा तो डाग रोज थोडा पसरत होता.

तिने नवऱ्याला दाखवला.

"पॉलिश उडालंय."

"एकाच जागी?"

"अगं, तू लावतेस की मी? तूच तिथे कमी लावत असशील."

तो वाईट नव्हता. त्याच्या घरात प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, आणि उत्तर मिळालं की प्रश्न संपला अशी पद्धत होती.

५

गाडी न्यायला डॉक्टर रविवारी येणार होते. मंगळवारी दुपारी ती मागच्या सीटवर गुडघे टेकून उजवीकडची काच पुसत होती. डावं दार उघडं, दारात पाचर. नवऱ्याला दुसऱ्या गाडीच्या चाकाखाली पाचर हवी होती. त्याला ती दिसली, त्याने घेतली. आत कोण आहे हे दाराच्या काळसर काचेआडून दिसलं नाही, आणि दार उघडं राहिलेलं त्याला आवडत नसे.

खट्ट.

"अरे, मी आत आहे," ती म्हणाली. त्याच क्षणी त्याने भोंगा तपासायला लावला.

बंद गाडीत तो भोंगा कानात नाही, दातांत वाजतो. तिने काचेवर थापा मारल्या, पण तिच्या तिलाच ऐकू आल्या नाहीत. समोर जाळी. उजवं दार कोरं. ती घाबरली नव्हती, उलट चिडली होती. डाव्या दाराकडे वाकून, काही उपयोग नाही हे माहीत असूनही, तिने रेक्झिनवर हात फिरवायला सुरुवात केली. सगळेच फिरवतात. हँडल नाही हे डोळ्यांना पटतं, हाताला पटत नाही.

भोंगा थांबला. तारा जुळवायला नवरा मध्ये थांबला असणार. आत एकदम शांतता, आणि त्या शांततेत तिच्या तळव्याचा रेक्झिनवर फिरण्याचा आवाज. कोरडा, खरखरीत.

तिने हात थांबवला.

आवाज थांबला नाही.

तो तिच्या हाताच्या वीतभर खाली चालू होता. सावकाश. एक वर्तुळ, मग थोडं बाजूला, पुन्हा वर्तुळ. ते करणाऱ्याला घाई नव्हती. कितीतरी दिवस चाललेल्या कामाची असते तशी लय होती त्याला. मग तोही थांबला. कुणीतरी आहे हे कळल्यावर माणूस थांबतो, तसा.

तेव्हा तिने सीटकडे पाहिलं. दाराजवळची जागा दबलेली होती. सीटवर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, माणूस बसल्यावर पडतात तशा. जुना फोम, असं ती रोज स्वतःला सांगायची.

तिने हळूच हात मागे घेतला आणि उजवीकडे सरकून बसली. बाकावर कुणाला जागा करून द्यावी, तशी. मग पुन्हा भोंगा सुरू झाला आणि दोघं ऐकत बसले.

६

"झाली का पहिली अटक?" जेवताना सासूबाई म्हणाल्या.

नवरा ओशाळून हसत होता. सासरे खुशीत होते. "आता खरी घरची झाली. ह्या घरात प्रत्येक जण एकदा आत जाऊन आलाय."

"मला लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात अडकवलं होतं ह्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "पाऊण तास. फौजदारसाहेब चहाला गेले होते."

"विसरलो होतो. कितीदा सांगायचं?"

"कितीदाही सांगा, तेच सांगाल."

सगळे हसले. हसणं ओसरल्यावर तिने विचारलं, "आई, तेव्हा आत तुम्हाला काही ऐकू आलं होतं?"

सासूबाईंचा वाढता हात थांबला. आमटी पळीतच राहिली.

"मी डोळे मिटून घेतले होते," त्या म्हणाल्या, अगदी हळू. "पुढच्या वेळी तूही मिट. सवय होते."

"पुढची वेळ नाही यायची," ती म्हणाली.

ह्या टेबलावर तिचं हे पहिलं असं वाक्य होतं, ज्याला शेवटी 'का' किंवा 'ना' नव्हतं. ते बाहेर पडलं आणि दुसरंही त्याच्या मागोमाग आलं.

"अप्पा, त्या गाडीचं हँडल परत बसवा."

"का?"

"आली तेव्हा होतं."

"ती चूक होती."

"कुणाची?"

"ज्याने बसवलं त्याची." सासऱ्यांचा आवाज चढला. "गाडी कशासाठी असते? आतला बाहेर पडू नये म्हणूनच. त्या एका गोष्टीवर तिची किंमत आहे. डॉक्टर काय टॅक्सी घ्यायला येतायत?"

"डॉक्टर तिला काचेत बंद करणार आहेत. कायमची."

"करू दे की. गाडीच ती."

"रिकामी असती तर माझं काही म्हणणं नव्हतं."

नवऱ्याने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिने पाय बाजूला घेतला.

सासरे हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "फ्रेमवाल्याची पोर," ते म्हणाले. "हिला सगळं जगच वाकडं दिसतं."

"सगळं नाही," ती म्हणाली. "जे आहे तेवढंच."

७

पुढच्या सीटवरची ऊन अडवायची झडप पुसताना तिला मागे चिकटवलेली चिठ्ठी सापडली. 'सकाळी चालू झाली नाही तर मला सांगा. ड्रायव्हर.' खाली नंबर. तिने शेडच्या मागे जाऊन फोन लावला.

बराच वेळ वाजल्यावर एका म्हाताऱ्याने उचलला. तिने गाडी सांगितली. तिकडे खुर्ची करकरली.

"चालते का अजून?"

"चालते. काका, मागच्या डाव्या दाराला आतून हँडल होतं."

"होतं?"

"काढलं आमच्याकडे."

तिकडे पुन्हा खुर्ची करकरली.

"आमच्या घरच्या कपाटाचं होतं ते," म्हातारा म्हणाला. "बायको वर्षभर बोलत होती मला. कपाट दोरीने बांधून ठेवायला लागलं."

"तुम्ही का बसवलं?"

"ताई, नोकरीत असताना मला हे कुणी विचारलं नाही. आता तुम्हीही विचारू नका." त्याने घसा साफ केला. "बसवल्यावर गाडी हलकी पळायची, एवढं सांगतो. ज्याला यायचं तो यायचा, जायचं तो जायचा. आपल्याला काय करायचंय? दाराशी हात लागायला काहीतरी हवं. माणसाला तेवढं हवंच."

शुक्रवारी बाजारातून येताना तिने एक कडी आणली, चार स्क्रूंसकट, आणि भर दुपारी आपल्या खोलीच्या दाराला आतून बसवली. माहेरी हेच तर करत ती लहानाची मोठी झाली होती. दहा मिनिटं लागली. सात रविवार कशाला हवे होते कुणास ठाऊक.

कपडे घेऊन सासूबाई आल्या. दार ढकललं, हललं नाही. पुन्हा ढकललं.

"दार लागलंय का गं?"

"हो, आई. आतून."

मग, तिच्या अपेक्षेच्या पार पलीकडचा, टकटक असा आवाज आला. सासूबाई दार वाजवत होत्या. तिने उघडलं. सासूबाईंनी कडीकडे बघितलं, कडीवरून बोट फिरवलं. कपडे तिच्या हातात दिले, आणि कपड्यांच्या घडीवर एक छोटी किल्ली ठेवली.

"ह्यांच्या कपाटाची," त्या म्हणाल्या. "मी दिली नाही."

डब्यात बारा हँडलं होती. एक कपाटाचं. एक खिडकीचं. एक नुसती वाकवलेली सळई. एक लाकडी, हाताने कोरलेलं. बाकीचीही तशीच, एकासारखं दुसरं नाही. प्रत्येकाच्या धरायच्या जागेचा रंग उडालेला होता.

'आजच बघतोय,' असं म्हणाले होते सासरे.

८

रविवारी अकरा वाजता दातांचे डॉक्टर आले. स्वच्छ, हसरे, गाडीभोवती फिरताना हात पाठीशी बांधून ठेवणारे. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी चमकत होती. दिवा फिरला, भोंगा वाजला, डॉक्टर लहान मुलासारखे हसले.

"दारं?" त्यांनी विचारलं.

"बघा ना," सासरे म्हणाले. "आत बसा, लावून घ्या, निघून दाखवा. अस्सल माल."

"बसा म्हणू नका," ती म्हणाली. "तिथे जागा नाही."

ती शेडच्या कोपऱ्यातून आली. एका हातात सुती पट्टीचं पितळी हँडल होतं, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर. आधी जाऊन तिने रेडिओ बंद केला.

रेडिओ बंद झाल्यावर शेड किती मोठी आहे ते कळलं.

"सूनबाई," सासरे म्हणाले. त्या हाकेत रागाच्या आधी दुसरं काहीतरी आलं, आणि ते तिला ऐकू आलं. "तो चालू कर."

"नको."

तिने डावं मागचं दार उघडलं, पाचर घातली, खाली बसली. ताणलेल्या रेक्झिनवर टोक टेकवून जोर दिला. फर्रकन आवाज झाला. डॉक्टर 'अहो' म्हणाले. सासरे दोन पावलं पुढे आले आणि थांबले, कारण मध्ये सासूबाई उभ्या होत्या. त्या काही अडवत नव्हत्या, नुसत्या पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"ही चेष्टा चाललीय का?" सासरे मुलाला म्हणाले. "तुझी बायको आहे. सांग तिला."

नवरा बायकोकडे बघत होता, वडिलांकडे बघत होता. "स्क्रू लांब लागतील," शेवटी तो म्हणाला. "जुने पकडणार नाहीत." आणि खिशातून दोन काढून त्याने तिच्यासमोर धरले.

तिने हँडल बसवलं. ओढून पाहिलं, पक्कं होतं. मग पाचर काढली आणि दार लावलं.

खट्ट.

"आता काय?" डॉक्टरांनी विचारलं.

चाकाशी बसून तिने फटीत दोन बोटं घातली. घट्ट बसली. वरून पत्र्याचं वजन जाणवत होतं.

काही झालं नाही. पत्र्यावर ऊन तडतडत होतं. सासरे शिट्टी वाजवायला लागले. तीन सूर वाजवले, चौथा निघाला नाही.

कारण आतून तो आवाज येत होता. खर्र. खर्र. रेक्झिनवर फिरणारा हात. सगळ्यांना ऐकू येत होता. डॉक्टरांचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त त्याच्यामागे कुणी नव्हतं. हात फिरत फिरत वर गेला, बाजूला गेला, आणि कशाला तरी लागला.

थांबला.

बराच वेळ थांबला. सुताच्या पट्टीवर बोटं मिटावीत इतका वेळ.

मग खटका वाजला आणि दार उघडलं. सताड नाही. अंग तिरकं करून एक माणूस निघेल, इतकंच.

काळसर काचेवर आतून काहीतरी सरकलं. रंग नव्हता, चेहरा नव्हता. एवढंच, की काचेतून पलीकडची भिंत दिसत होती आणि एका क्षणापुरती ती दिसली नाही. तिच्या बोटांवरचं ओझं उतरलं. फट वाढली. तीन बोटं. चार.

डॉक्टर बाजूला झाले. नवरा बाजूला झाला. सासूबाईंनी पदर सावरून वाट दिली. आणि ज्यांनी आयुष्यात कुणाला वाट दिली नव्हती, ते सासरे भिंतीला पाठ लावून उभे राहिले, छाती आत ओढून, मान खाली घालून. कुणीतरी त्यांच्या अगदी जवळून, अगदी सावकाश, थांबत थांबत जात असल्यासारखे.

शेडच्या दारातला उन्हाचा पट्टा एकदा मोडला आणि पुन्हा जुळला.

९

"फरशीच वाकडी आहे," बऱ्याच वेळाने सासरे म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण आत हवा नव्हती. "मी पहिल्यापासून सांगतोय."

डॉक्टर गाडी न घेता गेले. हात पाठीशी बांधायला ते विसरले होते.

शेडमध्ये आणखी तीन गाड्या उभ्या होत्या. ती लग्न होऊन आली त्याच्या आधीपासूनच्या. तिने त्यांच्या फटी कधी मोजल्या नव्हत्या. पहिल्या दिवसापासून तशाच होत्या, म्हणून तिला त्या सरळच वाटल्या होत्या. आता ती पहिलीपाशी बसली. दोन बोटं. दुसरीपाशी. दोन. तिसरीपाशी एकच बोट गेलं, तेही जेमतेम.

आणि रेडिओ बंद असल्यामुळे आता ऐकू येत होतं. तिन्ही गाड्यांमधून. खर्र. खर्र. तिसरीत एकापेक्षा जास्त हात होते.

"लाव तो रेडिओ," सासरे म्हणाले. "लाव गं. हात जोडतो."

"किती वर्षं लावून ठेवलात, अप्पा?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "माझ्या लग्नाच्या आधीपासून."

तिने सकाळीच कोपऱ्यात आणलेला डबा गाडीच्या टपावर ठेवला आणि झाकण काढलं. अकरा हँडलं. इथे तीन गाड्या.

"बाकीच्या आठ कुणाकुणाला विकल्या, त्यांचे पत्ते आहेत ना तुमच्याकडे?"

"विकलेला माल आहे तो. तुझा काय संबंध?"

"मी आत बसून आलेय," ती म्हणाली. "पत्ते काढून ठेवा."

नवरा खिशातले स्क्रू मोजत होता. तिने डब्यात हात घातला आणि लाकडी हँडल उचलून वर धरलं, काचेतून दिसेल असं.

तिन्ही गाड्यांमधले हात थांबले.